तपासणीच्या वेळी दुखण्याबरोबर काम सांगा

मिरकरवाडा बंदरातल्या खलाशाच्या हाताला बोटीवर काम करताना इजा झाली आणि दाव्यासाठी वैद्यकीय तपासणीचे बोलावणे आले, तर ते टाळू नये. कायद्यानुसार मालकाने मुदतीत देऊ केलेली मोफत तपासणी नाकारली, तर भरपाईचा हक्क स्थगित होतो. मात्र तयारी अपंगत्वाच्या टक्केवारीपेक्षा कामाची हवी. राजकुमार विरुद्ध अजयकुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये स्पष्ट केले, की शारीरिक अपंगत्व आणि कमाईतली घट या वेगळ्या गोष्टी आहेत: डावा हात गेला तर सुताराची कमाई जवळपास पूर्ण बुडते, कारकुनाची नोकरी टिकू शकते. म्हणून ‘हात दुखतो’ एवढ्यावर न थांबता जाळे ओढवते का, दोर किती वेळ धरवतो, हे नेमके सांगावे.

मालकाने नेमलेला डॉक्टर मालकाचीच बाजू घेईल, ही शंका रास्त आहे. त्यावर उतारा कागदांचा: डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे, औषधांच्या चिठ्ठ्या तारखेनुसार लावाव्यात, मूळ प्रती जवळ ठेवाव्यात. त्रास वाढवून सांगितला, तर एका विसंगतीने खरी तक्रारही संशयात सापडते. भिडेखातर लपवला, तर अहवालात तो येतच नाही. कामाशी जोडलेले खरे वर्णन हाच दाव्याचा भक्कम आधार.