मुखड्याची उसनवारी

'चलते चलते' हे दोनच शब्द कुणासमोर उच्चारावेत आणि त्याला काय आठवतं ते पाहावं; माणसाचं वय बरंचसं कळतं. 'पाकीझा' थिएटरात जाऊन पाहिलेल्यांना लताबाई आठवतात, गुलाम मोहम्मदची चाल आठवते आणि गाण्याच्या शेवटी चिरत जाणारी ती इंजिनाची शिट्टीही. ते गाणं कैफी आझमींचं. सिनेमा ४ फेब्रुवारी १९७२ रोजी लागला, तेव्हा गुलाम मोहम्मद जाऊन चार वर्षं होत आली होती. त्यानंतर थोड्याच वर्षांनी कॉलेजातून बाहेर पडलेल्या पिढीला मात्र किशोरकुमार आठवतो. ते गाणं १९७६च्या 'चलते चलते' नावाच्याच सिनेमातलं, गीतकार अमित खन्ना, संगीत बप्पी लाहिरी. विशाल आनंद आणि सिमी गरेवाल यांचा तो सिनेमा आज कुणी काढून बघत नाही. गाणं मात्र निरोप समारंभ, निवृत्तीचे कार्यक्रम आणि ऑर्केस्ट्राचा शेवटचा आयटम अशा सगळ्या ठिकाणी ठाण मांडून बसलं आहे. त्याहून तरुण मंडळी 'मोहब्बतें'मधलं (२०००) गाणं गुणगुणतील, तर उरलेले म्हणतील, "तो शाहरुख-रानीचा पिक्चर ना?" तो २००३चा. गंमत अशी की या शेवटच्या दोन्ही ठिकाणी शाहरुख खान आहे आणि संगीतात जतीन-ललितही आहेत.

एकाच नावाखाली तीन गाणी आणि दोन सिनेमे. फोनवर शोधलं तर सगळे एकाच रांगेत येतात आणि हवं ते सोडून भलतंच वाजायला लागतं.

हा गोंधळ आपल्याकडे जरा जास्तच होतो, कारण आपल्या गाण्याला वेगळं नाव ठेवायची पद्धतच नाही. कवितेला शीर्षक असतं, तीच कविता गाणं झाली की शीर्षक गळतं आणि पहिली ओळ तिचं नाव होते. बंदिशीचंही तेच: राग सांगायचा आणि चिजेचे पहिले चार शब्द. जुन्या ७८ आरपीएमच्या तबकड्यांवर सिनेमाचं नाव आणि मुखडा एवढं असलं की भागायचं; गायकाचं नाव असेलच असं नाही. 'महल'च्या (१९४९) 'आयेगा आनेवाला'च्या पहिल्या तबकड्यांवर गायिका म्हणून 'कामिनी' छापलं होतं. कामिनी हे पडद्यावरच्या पात्राचं नाव! लता मंगेशकर नावाची कुणी मुलगी गातेय हे लोकांना नंतर कळलं. म्हणजे गायिका बेनाव चालली, मुखडा मात्र बेनाव चालला नसता.

पाश्चात्त्य पॉप संगीतात गाण्याला नाव मुद्दाम ठेवलं जातं, तरी तिथंही टकरी होतातच. 'द पॉवर ऑफ लव्ह' या एकाच नावाची तीन संपूर्ण वेगळी गाणी वर्षभराच्या आत गाजली. फ्रँकी गोज टु हॉलिवूडचं डिसेंबर १९८४मध्ये ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं, ह्युई लुईसचं १९८५मध्ये अमेरिकेत, आणि त्याच वर्षी जेनिफर रशचं पुन्हा ब्रिटनमध्ये. पॉइंटर सिस्टर्सनी आपल्या 'जम्प'ला मागाहून 'फॉर माय लव्ह' अशी शेपटी जोडली, कारण व्हॅन हेलनचं 'जम्प' तेव्हा जोरात होतं. पीटर गॅब्रिएलने तर पहिल्या चारही अल्बमांचं नाव 'पीटर गॅब्रिएल' ठेवलं. चौथ्यावर अमेरिकेतल्या कंपनीने 'सिक्युरिटी' असं लेबल लावून आपली सोय करून घेतली. लेड झेपेलिनचा 'हाउसेस ऑफ द होली' हा अल्बम १९७३चा, पण त्या नावाचं गाणं सापडतं १९७५च्या पुढच्या अल्बममध्ये. हे सगळं मजेचं आहे, पण त्यात योगायोग, सोय आणि थोडा खोडसाळपणा यापलीकडे फार काही नाही. आपल्याकडची गोष्ट वेगळी. आपल्याकडे नाव ठरवून उसनं घेतलं जातं.

सुरुवातीला देणंघेणं उलट दिशेचं होतं. सिनेमाचं नाव आधी ठरायचं आणि गीतकाराने ते मुखड्यात बसवायचं. राज कपूरच्या 'बरसात'मध्ये (१९४९) शैलेंद्रने ते केलं, 'आवारा'त (१९५१) पुन्हा केलं, आणि पुढे हसरत जयपुरींची तर शीर्षकगीताचे हुकमी गीतकार अशीच ख्याती झाली. यात कलेइतकाच धंदाही होता. १९५२पासून रेडिओ सिलोनवर अमीन सायानींची 'बिनाका गीतमाला' सुरू होती. शीर्षकगीत एकदा वाजलं की सिनेमाचं नाव ध्रुवपदागणिक फुकट घराघरात जायचं. तेव्हाच्या निर्मात्याला याहून स्वस्त जाहिरात मिळणं शक्यच नव्हतं.

मग गाडी उलटी फिरली. गाणी सिनेमांपेक्षा जास्त जगतात हे निर्मात्यांच्या लक्षात आलं. 'गाइड'मधलं (१९६५) 'तेरे मेरे सपने' घ्या. दिग्दर्शक विजय आनंद, संगीतकार सचिनदेव बर्मन. सहा वर्षांनी याच जोडीचा नवा सिनेमा आला, त्याचं नाव 'तेरे मेरे सपने'. इथं निदान घरातलीच वस्तू घरात राहिली. १९९६मध्ये अमिताभ बच्चनच्या कंपनीने तेच नाव पुन्हा लावलं, अर्शद वारसी आणि चंद्रचूड सिंग यांच्या पदार्पणासाठी, तेव्हा ते घर कुठलं हे कुणी विचारलं नाही.

या उसनवारीच्या साखळ्याही होतात. 'एप्रिल फूल'मधल्या (१९६४) रफीच्या एका मुखड्याचे शब्द 'आ गले लग जा' हे १९७३च्या सिनेमाचं नाव झाले. त्या सिनेमातल्या गाण्याचे शब्द २००८मध्ये 'जाने तू... या जाने ना' झाले. 'हम किसीसे कम नहीं'तून (१९७७) 'बचना ऐ हसीनो' निघाला, 'कर्ज'मधून (१९८०) 'ओम शांती ओम', 'जवानी दीवानी'तून (१९७२) 'ये जवानी है दीवानी'.

पण सगळ्यात जास्त कर्ज काढलं गेलं ते मुंबईवरच्या एका गाण्यावर. 'सीआयडी' (१९५६), निर्माता गुरुदत्त, दिग्दर्शक राज खोसला. मजरूह सुलतानपुरींचे शब्द, ओ. पी. नय्यरची चाल. चाल 'क्लेमेंटाइन' या अमेरिकी लोकगीतावरून उचललेली, म्हणजे उसनवारीची सुरुवात तिथूनच. पडद्यावर गातो जॉनी वॉकर, म्हणजे एकेकाळचा बेस्टचा कंडक्टर बद्रुद्दीन काझी, आणि सिनेमात त्याचं काम खिसेकापूचं. शहराकडे बघायला याहून चांगली जागा कुठली? गाण्यात इमारती आहेत, ट्राम आहे, मोटार आहे, मिल आहे. माणूस तेवढा सापडत नाही, अशी तक्रार. पुढे ३१ मार्च १९६४ला शेवटची ट्राम धावली. १९८२च्या संपानंतर मिलचे भोंगे थांबत गेले. १९९५मध्ये 'बॉम्बे' हे नावही गेलं. गाण्यातली एकेक वस्तू शहरातून उठून गेली आणि गाणं मात्र जागच्या जागी.

आता त्यावरून निघालेली नावं बघा. १९९९मध्ये 'ये है मुंबई मेरी जान'. २००८मध्ये निशिकांत कामत यांचा 'मुंबई मेरी जान'. 'डोंबिवली फास्ट' करणाऱ्या या मराठी दिग्दर्शकाने ११ जुलै २००६च्या लोकलमधल्या स्फोटांनंतरचं शहर त्यात उभं केलं. या दोन्ही नावांनी मूळ शब्द बदलून 'मुंबई' केलं. २०१६मध्ये करण जोहरने गाण्याचं दुसरं टोक पकडलं: 'ऐ दिल है मुश्किल'. मजरूहच्या ओळीत पुढे जगण्याबद्दलचा शब्द येतो आणि मुश्किल ती त्याची आहे. नवीन सिनेमाने नेमका तोच सोडून दिला. शहरात तगून राहण्याची कटकट होती, तिची प्रेमातली घालमेल झाली आणि कथा लंडन-व्हिएन्नाला जाऊन पोहोचली. २०२३ची वेब मालिका आली 'बंबई मेरी जान', हुसेन झैदी यांच्या 'डोंगरी टु दुबई'वर आधारलेली. तिची गोष्ट जुन्या काळातली, म्हणून नावही जुनंच परतलं. माझ्या मते या चौघांत कर्जाची जाण ठेवली ती एकट्या कामतांनी. त्यांच्या सिनेमात या शहरात जगणं कठीण आहे आणि सोडवतही नाही, जे मूळ गाणं सांगत होतं तेच.

मराठीत हा उद्योग सिनेमापेक्षा मालिकांनी मनावर घेतला. 'का रे दुरावा' हे 'मुंबईचा जावई'मधलं (१९७०) गदिमा-फडके-आशाबाई यांचं गाणं २०१४मध्ये झी मराठीवरच्या मालिकेचं नाव झालं. गुरू ठाकूरच्या 'मन उधाण वाऱ्याचे'चं ('अगं बाई अरेच्चा!', २००४) तेच झालं, तेही पाच-सहा वर्षांत. रात्री साडेआठ-नऊच्या वेळेला घरात टीव्ही लावणाऱ्यांना नवीन नाव समजावून सांगायला वाहिनीकडे वेळ नसतो. तोंडात घोळलेलं नाव असलं की पहिला आठवडा निभावतो.

'रात्रीस खेळ चाले'ची कुळी तर सगळ्यात मजेची. सुधीर मोघेंचे शब्द, हृदयनाथांची चाल, सिनेमा 'हा खेळ सावल्यांचा' (१९७६). सिनेमाचं नाव त्याच गाण्याच्या ध्रुवपदातून दिसतं आणि मालिकेचं नाव त्याच गाण्याच्या पहिल्या शब्दांतून. एका गाण्याने दोन अपत्यांची बारशी केली, चाळीस वर्षांच्या अंतराने. मालिकेने आकेरीतला वाडा, मालवणी बोली आणि अण्णा नाईक आणले, आणि आज शाळकरी पोरांना विचारलं तर ते नाव मालिकेचंच आहे. याउलट 'रंग माझा वेगळा'. सुरेश भटांच्या गझलेतले शब्द, १९७४च्या त्यांच्या संग्रहाचं नाव. भटांचा वेगळेपणा होता तो कलंदराचा. २०१९च्या स्टार प्रवाहवरील मालिकेत 'रंग' म्हणजे नायिकेच्या कातडीचा सावळा रंग. शब्द शाबूत, आशय पार दुसरा. भटांच्या चाहत्यांनी नाकं मुरडली तर मला त्यात नवल वाटणार नाही, पण नावाची पकड मान्य करावी लागते.

मग हे चालतं कसं? कायदा त्याला अडवत नाही म्हणून. गाणं नव्या सिनेमात वाजवायचं तर म्युझिक कंपनीची परवानगी आणि पैसे दोन्ही लागतात. त्याचा मुखडा फलकावर लावायचा तर साधारणपणे काहीच लागत नाही. 'देसी बॉइज' सिनेमावरून झालेल्या वादात सर्वोच्च न्यायालयाने २०१५मध्ये स्पष्ट केलं की शीर्षक ही स्वतंत्र कृती नव्हे. ते स्वतःत अपुरं असतं, पुढच्या कृतीकडे बोट दाखवतं, म्हणून त्यावर कॉपीराइट नाही. निर्मात्यांच्या संघटना नावांची नोंदणी करतात, पण ती आपसातली शिस्त, मालकी हक्क नव्हे. खूप गाजलेल्या एखाद्या नावाला व्यापारचिन्हाचा आधार मिळू शकतो. रामगोपाल वर्मांना आपला 'शोले' शेवटी 'आग' म्हणून आणावा लागला. पण त्याच 'शोले'तल्या आनंद बक्षींच्या मुखड्यावरून २०१२मध्ये यश चोप्रांचा 'जब तक है जान' खुशाल निघाला.

नाव सुचवणाऱ्याचे आभार कधी कधी मानले जातात. 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे'च्या श्रेयनामावलीत नाव किरण खेर यांनी सुचवल्याचं स्वतंत्र पाटीवर लिहिलेलं आहे. ते शब्द 'चोर मचाये शोर'च्या (१९७४) गाण्यातले, पण ज्याने ते लिहिले त्या गीतकाराला त्या पाटीवर जागा नाही.

आणि 'चलते चलते'चं प्रकरण अजून संपलेलं नाही. १९७६च्या त्या गाण्यातल्या शब्दांवरून करण जोहरने २००६च्या आपल्या सिनेमाचं नाव 'कभी अलविदा ना कहना' ठेवलं, तर दुसऱ्याच एका गृहस्थाने त्या नावावर दावा सांगून दिल्ली उच्च न्यायालय गाठलं. नाव आधी मी व्यापारचिन्ह म्हणून नोंदवायला दिलंय, असं त्यांचं म्हणणं. न्यायालयाने मनाई हुकूम दिला नाही आणि सिनेमा त्याच नावाने लागला. वादी-प्रतिवादी दोघेही अमित खन्नांच्या शब्दांसाठी भांडत होते, आणि खटल्यात अमित खन्ना कुठेच पक्षकार नव्हते. २०१२च्या कॉपीराइट दुरुस्तीने गीतकाराला आणि संगीतकाराला थिएटरबाहेर गाणं जिथं जिथं वापरलं जाईल तिथल्या रॉयल्टीचा हक्क दिला, आणि वारस किंवा कॉपीराइट सोसायटी सोडली तर तो त्यांना कुणाच्या नावावर करून टाकताही येत नाही. रेडिओवर किशोरकुमारचं 'चलते चलते' लागलं की त्यातला वाटा खन्नांचा. पोस्टरवर लागलेल्या त्याच शब्दांचा हिशेब त्या दुरुस्तीत नाही.