शंभर वर्षांनी तेच चार संघ : मन्स्टरचा २०२०चा हंगाम

आयर्लंड हे नाव मराठी वाचकाला परके नाही. १९१६ साली बेळगावात लोकमान्यांनी होमरूल लीग उभारली, तेव्हा ‘होमरूल’ हा शब्दच आयरिश राजकारणातून आपल्याकडे आला होता. पण त्याच आयर्लंडने राजकीय चळवळीच्या बरोबरीने आपले खेळही नव्याने बांधले, ही गोष्ट आपल्याकडे क्वचितच सांगितली जाते. १ नोव्हेंबर १८८४ रोजी टिपरेरी परगण्यातल्या थर्लस गावी, एका हॉटेलात, गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशन स्थापन झाली. इंग्रजी खेळांच्या लाटेत देशी खेळ बुडू नयेत, हा तिचा हेतू. गेलिक फुटबॉल आणि हर्लिंग हे तिचे दोन मुख्य खेळ.

मी कुठल्या विद्यापीठात इतिहास शिकलेलो नाही. निकालांच्या जुन्या याद्या वाचण्याचा नाद मात्र मला फार वर्षांपासून आहे. याद्या दिसायला कोरड्या असतात, पण नीट वाचल्या तर समाज कसा चालतो हे त्या सांगतात. गेलिक फुटबॉलच्या अशाच एका यादीतला २०२०चा हंगाम मला पुन्हा पुन्हा थांबवतो. त्या वर्षी अखिल आयर्लंड उपान्त्य फेरीत डब्लिन, कॅव्हन, मेयो आणि टिपरेरी हे चार संघ पोहोचले. १९२०च्या स्पर्धेत नेमके हेच चार संघ होते. जोड्याही त्याच : डब्लिन विरुद्ध कॅव्हन, मेयो विरुद्ध टिपरेरी. हा योगायोग की आणखी काही, हा या लेखाचा प्रश्न आहे.

आधी खेळाची रचना पाहू. एका बाजूला पंधरा खेळाडू. चेंडू हाताने झेलता येतो, पायाने मारता येतो. गोलखांबांचा आकार इंग्रजी एच अक्षरासारखा. आडव्या दांड्याखालून जाळीत चेंडू गेला तर गोल, म्हणजे तीन गुण. दांड्यावरून गेला तर २०२०च्या नियमांनुसार एक गुण. म्हणून गुणफलकावर दोन आकडे असतात. १-१२ म्हणजे एक गोल आणि बारा गुण, एकूण पंधरा. खेळाडू हौशी असतात, त्यांना मानधन नसते. शिक्षक, शेतकरी, विद्यार्थी, गवंडी असे लोक संध्याकाळी सराव करतात. खेळाडू आपल्या गावच्या क्लबातून वर येतो आणि आपल्या परगण्याकडून खेळतो. पैसे मोजून दुसरीकडचा खेळाडू आणण्याची सोय नाही.

परगणे बत्तीस, प्रांत चार : अल्स्टर, लेन्स्टर, कॉनॉट आणि मन्स्टर. प्रत्येक प्रांताची स्वतंत्र अजिंक्यपद स्पर्धा होते. आपला विषय मन्स्टर. तिथे सहा परगणे आहेत : केरी, कॉर्क, टिपरेरी, लिमरिक, क्लेअर आणि वॉटरफर्ड. कागदावर सहा, प्रत्यक्षात दोन. १९३५ साली टिपरेरी जिंकली. त्यानंतर २०१९पर्यंतच्या सगळ्या वर्षांत केरी आणि कॉर्क सोडून फक्त एकदा दुसऱ्या कुणाचे नाव लागले, ते १९९२ साली क्लेअरचे. एकट्या केरीची प्रांतिक अजिंक्यपदे तोवर ऐंशीच्या वर गेली होती.

याची कारणे गूढ नाहीत. कॉर्क परगण्याची लोकसंख्या पाच लाखांवर, टिपरेरीची त्याच्या एक तृतीयांशाहूनही कमी. शिवाय टिपरेरी हा मुळात हर्लिंगचा परगणा. तिथल्या चपळ पोराच्या हाती आधी हर्लिंगची काठी येते, फुटबॉलच्या वाट्याला उरलेले येतात. आणि तिसरे कारण सोडतीचे. पूर्वी मन्स्टरमध्ये केरी आणि कॉर्क यांना सोडतीच्या दोन टोकांना ठेवत, म्हणजे दोघांची गाठ अंतिम सामन्यातच पडावी. मधल्या परगण्याला जिंकायचे तर दोघांनाही हरवावे लागे. १९९१पासून सोडत खुली झाली आणि दुसऱ्याच वर्षी क्लेअरने केरीला हरवून करंडक नेला. बलाढ्यांचे वर्चस्व किती अंगच्या बळाचे आणि किती नियमांनी दिलेले, हे या एका बदलाने दाखवले.

आता २०२०कडे येऊ. कोविडमुळे उन्हाळ्यात व्हायची स्पर्धा ऑक्टोबरअखेर सुरू झाली. मैदाने रिकामी, प्रेक्षकांना मज्जाव. २००१पासून प्रांतात हरलेल्या संघाला मागच्या दाराने परतायची संधी असे. त्या वर्षी वेळेअभावी तीही नव्हती. एक हार म्हणजे हंगाम संपला. आणि खुल्या सोडतीत केरी व कॉर्क यांची गाठ उपान्त्य फेरीतच पडली.

८ नोव्हेंबरला तो सामना झाला. केरी नुकतीच राष्ट्रीय लीगची विजेती ठरलेली, मन्स्टरमध्ये सलग सात वर्षे अजिंक्य. कॉर्क त्या वर्षी लीगच्या तिसऱ्या श्रेणीत. सामना जादा वेळेत गेला आणि शेवटच्या क्षणांपर्यंत केरी एका गुणाने पुढे होती. कॉर्कचा एक फटका खांबांपर्यंत न पोहोचता अलीकडे पडू लागला. तो मार्क कीन या तरुणाने झेलला आणि जाळीत धाडला. कॉर्क १-१२, केरी ०-१३. कीन खरे तर ऑस्ट्रेलियात तिथल्या फुटबॉलचा व्यावसायिक खेळाडू होता आणि तेव्हा घरी आलेला होता.

दुसऱ्या बाजूने टिपरेरी क्लेअरला हरवून उपान्त्य फेरीत आली. तिथे लिमरिकविरुद्ध ती हरल्यातच जमा होती. कर्णधार कॉनर स्वीनीने मैदानाच्या अगदी कडेवरून, अवघड कोनातून मारलेल्या किकने बरोबरी साधली आणि जादा वेळेत टिपरेरी जिंकली. अंतिम सामना २२ नोव्हेंबरला कॉर्कच्याच मैदानावर होता. टिपरेरीकडून त्या दिवशी कॉलिन ओरिअर्डन उतरला. तोही ऑस्ट्रेलियात व्यावसायिक खेळाडू, सिडनीच्या क्लबाने खास परवानगी दिलेला. टिपरेरी ०-१७, कॉर्क ०-१४. पंचाऐंशी वर्षांनी करंडक आला आणि तो पाहायला मैदानात प्रेक्षक नव्हते.

त्या दिवशी टिपरेरीने नेहमीचा निळा-सोनेरी पोशाख घातला नव्हता. अंगावर पांढरी-हिरवी जर्सी होती, १९२०मधली. त्यामागची गोष्ट सांगितल्याखेरीज हा हंगाम कळत नाही.

२१ नोव्हेंबर १९२०, रविवार. स्वातंत्र्ययुद्ध पेटलेले. सकाळी मायकेल कॉलिन्सच्या माणसांनी डब्लिनमध्ये घरोघरी जाऊन ब्रिटिश हेरखात्याशी संबंध असल्याच्या संशयावरून डझनभराहून अधिक माणसे मारली. दुपारी क्रोक पार्क मैदानावर डब्लिन आणि टिपरेरी यांचा मैत्रीपूर्ण सामना होता. सामना सुरू होऊन थोडाच वेळ झाला असताना सरकारी दले आत शिरली आणि त्यांनी गर्दीवर गोळीबार केला. चौदा जणांचा जीव गेला. त्यात तीन शाळकरी वयाची मुले होती. जेन बॉइल ही तरुणी होती, तिचे लग्न काही दिवसांवर आले होते. आणि टिपरेरीचा खेळाडू मायकेल होगन होता, ग्रेंजमॉकलर गावचा. त्या दिवशी टिपरेरीच्या अंगावर त्याच गावच्या क्लबाचे पांढरे-हिरवे रंग होते. जालियनवाला बागेला तेव्हा दीड वर्ष उलटले होते. क्रोक पार्कमधला एक प्रेक्षागार आजही होगनच्या नावाने ओळखला जातो. युद्धामुळे रखडलेल्या १९२०च्या स्पर्धेचा अंतिम सामना जून १९२२मध्ये झाला आणि तो टिपरेरीने डब्लिनला हरवून जिंकला.

२०२०च्या २१ नोव्हेंबरला, शताब्दीच्या दिवशी, क्रोक पार्कमध्ये चौदा मशाली पेटवल्या गेल्या. दुसऱ्या दिवशी टिपरेरी जिंकली, आणि त्याच दुपारी कॅव्हनने डोनेगलला १-१३ विरुद्ध ०-१२ असे हरवून १९९७नंतर प्रथमच अल्स्टर जिंकले. चौकडी पूर्ण झाली. अनेकांनी याला नियतीचा खेळ म्हटले.

मला तसे म्हणवत नाही. डब्लिनचे ते लेन्स्टरमधले सलग दहावे अजिंक्यपद होते, त्यात नवल नव्हते. मेयोही बलवान संघ. नवल दोनच, टिपरेरी आणि कॅव्हन. आणि दोघांमागे दिसण्याजोगी कारणे आहेत. मागचे दार बंद असल्याने एका वाईट दिवसाची किंमत बलाढ्य संघांना पुरती मोजावी लागली. खुल्या सोडतीने केरी आणि कॉर्क यांना आपसांत लढवले. जर्सीने टिपरेरीच्या पोरांना बळ दिले असेलही, पण दार आधी नियमांनी उघडले होते.

आणि स्मृतीला मर्यादा असतात. ६ डिसेंबरला धुक्याने भरलेल्या क्रोक पार्कमध्ये मेयोने टिपरेरीला ५-२० विरुद्ध ३-१३ असे, म्हणजे तेरा गुणांनी हरवले. डब्लिनने कॅव्हनला त्याहून मोठी हार दिली आणि पुढे मेयोलाही हरवून सलग सहावे अखिल आयर्लंड विजेतेपद घेतले. २०२१च्या लीगमध्ये टिपरेरी आणि कॅव्हन दोघेही चौथ्या, म्हणजे तळाच्या श्रेणीत घसरले. प्रांताचे अजिंक्यवीर एका वर्षात तळाला!

म्हणूनच प्रांतिक स्पर्धा मोडून टाकावी असे म्हणणाऱ्यांचे म्हणणे हलके नाही. परगण्यांची संख्या आणि ताकद प्रांताप्रांतांत विषम आहे, आणि जन्मभूमीवरून ठरलेली वाट कुणाला सोपी तर कुणाला कायमची बंद. ऑक्टोबर २०२१मध्ये प्रांतिक स्पर्धा मुख्य स्पर्धेपासून तोडून हंगामाच्या सुरुवातीला नेण्याचा प्रस्ताव मताला आला. साठ टक्के मते लागत होती, मिळाली निम्म्याहून किंचित जास्त. प्रस्ताव पडला. पुढे दुबळ्या परगण्यांसाठी वेगळी, दुय्यम स्पर्धा सुरू झाली.

दोन्ही बाजू ऐकून माझे मत असे झाले आहे. गुणवत्तेच्या उतरंडीवर रचलेली स्पर्धा न्याय्य असते, पण तिच्यात टिपरेरीला कॉर्कशी करंडकासाठी भिडण्याचे निमित्तच मिळत नाही. प्रांतात शेजारी शेजाऱ्याशी खेळतो, बळ असो वा नसो. या शेजारधर्माचा मोबदला पंचाऐंशी वर्षांत एकदा मिळत असेल, तर तो कमीच आहे. पण तो वाढवायचा तर दुबळ्याला वेगळ्या अंगणात नेऊन भागणार नाही. सोडत खुली ठेवावी लागेल, आणि हर्लिंगच्या परगण्यातही एखाद्या पोराच्या हाती चेंडू द्यावा लागेल. मायकेल होगनचे नाव त्या प्रेक्षागारावर राहीलच. त्याच्या परगण्याचे नाव निकालांच्या यादीत पुन्हा कधी येते, हे मात्र नियम करणाऱ्यांच्या हाती आहे.