गणिताच्या गोळ्या

डॉ. चार्ल्स ब्रॅडली शोधत होते डोकेदुखीवरचा उपाय. अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यात, मुलांच्या मनोविकारांसाठी असलेल्या त्यांच्या रुग्णालयात मेंदूचा एक्स-रे काढण्याआधी मेंदूभोवतीचं द्रव कण्यातून काढून तिथे हवा भरत. मग मुलांचं डोकं ठणकायचं. बेन्झेड्रीन हे उत्तेजक दिलं तर द्रव लवकर भरून येईल, असा डॉक्टरांचा होरा. डोकेदुखी काही थांबली नाही, पण वर्गात टिकून न बसणारी मुलं मन लावून गणितं सोडवू लागली. १९३७ साली ब्रॅडलींनी ३० मुलांवरची निरीक्षणं छापली. मुलांनी औषधाचं बारसं आधीच केलं होतं : ‘गणिताच्या गोळ्या’.

लक्ष टिकत नाही, चळवळ आवरत नाही, अशा विकाराला आज एडीएचडी म्हणतात. त्यावर सर्रास दिलं जाणारं मिथाइलफेनिडेट याच जातकुळीतलं. आपल्या कपाळामागचा मेंदू हातातलं काम धरून ठेवतो आणि नको ती ऊर्मी आवरतो. त्यासाठी त्याला डोपामीन आणि नॉरॲड्रेनलीन बेताच्या प्रमाणात लागतात. चेतापेशी ही रसायनं सोडतात आणि लगेच परत शोषूनही घेतात. मिथाइलफेनिडेट हे शोषण अडवतं, त्यामुळे संदेश जरा जास्त वेळ टिकतो. मात्रा प्रमाणाबाहेर वाढवली तर लक्ष वाढत नाही, उलट बिघडतं.

२००७ मध्ये संशोधक फिलिप शॉ आणि सहकाऱ्यांनी एडीएचडी असलेल्या आणि नसलेल्या मुलांच्या मेंदूची चित्रं तपासली. मेंदूच्या सालीची जाडी इतर मुलांत साधारण साडेसातव्या वर्षी कळस गाठते. एडीएचडी असलेल्यांत साडेदहाव्या. सगळ्यात मागे राहतो तो कपाळामागचाच भाग. हालचालींचा भाग मात्र किंचित आधीच तयार होतो! अशा पोराला ‘वाह्यात’ म्हणून मोकळं होणाऱ्यांनी हे वाचावं.

उत्तेजकाने चळवळं मूल शांत होतं, याचं कित्येक वर्षं नवल वाटे. या मुलांचा मेंदूच उलटा चालत असावा, असा समज होता. १९७८ मध्ये संशोधक ज्युडिथ रॅपोपोर्ट यांनी कसलीही तक्रार नसलेल्या मुलग्यांना ॲम्फेटामीन या उत्तेजकाचा एक डोस दिला. त्यांचीही वळवळ कमी झाली, लक्ष सुधारलं. म्हणजे ‘गोळी लागू पडली, तेव्हा आजार होताच’ हा युक्तिवाद लंगडा आहे. निदान गोळीवरून होत नाही. लक्षणं बाराव्या वर्षाआधीपासून आहेत का, घरी आणि शाळेत दोन्हीकडे दिसतात का, हे डॉक्टरांना खोदून विचारावं लागतं.

गोळी मेंदू दुरुस्तही करत नाही. साध्या गोळीचा असर तीन-चार तासांचा. भूक मंदावते, उशिरा घेतली तर झोप उडते. सकाळची गोळी शाळेत उपयोगी पडते. संध्याकाळी गृहपाठाला बसेपर्यंत ती उतरलेली असते.