राहायला जागा निवडताना : कोकण, घाटमाथा की पठार?



परिसर अभ्यासात आपण मुलांना महाराष्ट्राचे तीन पट्टे शिकवतो. समुद्राकाठचं कोकण, मधला सह्याद्री आणि पलीकडचं पठार. मुलं नकाशा रंगवतात, पाऊस कुठं जास्त ते पाठ करतात आणि धडा संपतो. पण हाच धडा मोठ्यांच्या एका निर्णयाला फार उपयोगी पडतो. तो निर्णय म्हणजे, राहायचं कुठं?

आपल्या संभाजीनगरात बघा. कुणी निवृत्तीनंतर कोकणात छोटं घर बांधू म्हणतं. कुणी आंतरजिल्हा बदलीसाठी जिल्हे न्याहाळत असतं. कुणी शहराबाहेर प्लॉट शोधत असतं. यात आयुष्याची पुंजी जाते, मुलांच्या शाळा बदलतात, म्हाताऱ्या आईवडिलांचा दवाखाना बदलतो. आणि जागा आपण बहुधा दिवाळीच्या किंवा मेच्या सुट्टीत, फिरायला गेलो की बघतो. म्हणून एक साधा नियम सांगते : जागा तिच्या सगळ्यात वाईट महिन्यात बघायची. आता हा नियम तिन्ही पट्ट्यांना लावून पाहू.

कोकण : जुलै आणि मे

अरबी समुद्रावरून येणारे ढग सह्याद्रीला अडतात, वर चढतात, थंड होतात आणि तिथंच रिते होतात. म्हणून कोकणात अनेक ठिकाणी वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. आपल्याकडे जेमतेम ७०० च्या आसपास.

कोकणाचा अवघड महिना जुलै. २२ जुलै २०२१ ला चिपळूण शहरात वाशिष्ठी नदीचं पाणी शिरलं. कोकणातल्या नद्या आखूड आणि उताराच्या असतात, डोंगरातलं पाणी काही तासांत खाली येतं. त्याच वेळी समुद्राला भरती असेल तर खाडीतून पाणी लवकर बाहेर पडत नाही. त्याच दिवशी महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली आणि ८० हून अधिक माणसं गेली. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीचंही तेच झालं.

आता गंमत बघा. एवढा पाऊस पडूनही एप्रिल-मे मध्ये कोकणातल्या कित्येक वाड्यांना टँकर लागतो! कारण तोच, उतार. शिवाय जांभा दगड सच्छिद्र असतो, पाणी त्यातून निसटून जातं. म्हणून कोकणात घर बघताना दोन प्रश्न विचारायचे. विहिरीला मे अखेरीस किती पाणी असतं? आणि २०२१ ला पाणी कुठपर्यंत आलं होतं? दुसऱ्याचं उत्तर शेजारचा माणूस भिंतीवर हात ठेवून दाखवतो.

घाटमाथा : धुकं आणि दरड

महाबळेश्वरला पाऊस वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास. तिथं पावसाळ्याआधी घरांच्या भिंती गवताच्या आडोशांनी झाकतात. चार महिने कपडे वाळत नाहीत, लाकूड फुगतं, सांधेदुखीवाल्यांना त्रास होतो. तिथून घाट उतरून वाईला या. पाऊस कितीतरी कमी. दोन गावांत अंतर थोडं, पण पावसात जमीन-अस्मानाचा फरक. पर्जन्यछाया हा शब्द मुलांना समजावायला याहून चांगलं उदाहरण नाही.

घाटमाथ्यावर दुसरी काळजी उताराची. आंबेगाव तालुक्यातलं माळीण ३० जुलै २०१४ ला दरडीखाली गेलं. दीडशेच्या आसपास माणसं दगावली. लांब कशाला, आपल्याच जिल्ह्यात २०२१ च्या पावसाळ्यात कन्नडच्या घाटात दरड कोसळून रस्ता बंद पडला होता. त्यामुळे घर उताराच्या पायथ्याशी आहे का, वर झाडी आहे की डोंगर खणलाय, आणि रस्ता बंद झाला तर दवाखान्यात जायला दुसरी वाट आहे का, हे आधी बघायचं.

पठार : मे महिना

आपल्याकडे पूर-दरडीची भीती कमी. आपला प्रश्न पाण्याचा. आणि तो आजचा नाही.

सातवाहनांची राजधानी पैठण गोदावरीच्या काठावर वसली. मुहम्मद तुघलकानं १३२७ मध्ये राजधानी दिल्लीहून देवगिरीला आणली. किल्ला अभेद्य, पण ती राजधानी टिकली नाही. त्यामागे पाण्याची टंचाई हेही एक कारण सांगितलं जातं. मलिक अंबरनं १६१० मध्ये खडकी वसवली, तेच आजचं आपलं शहर. त्यानं उत्तरेकडच्या डोंगरातलं भूगर्भातलं पाणी जमिनीखालच्या नहरीनं शहरात आणलं. हीच नहर-ए-अंबरी. उतारानं वाहत येणारं पाणी, ओढायला बैल नको की पंप नको. पाणचक्कीलाही पाणी असंच नहरीनं आणलं.

आज आपलं पाणी जायकवाडीहून येतं. धरणाची पूर्ण भरल्यावरची पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे ४६४ मीटर, शहराची उंची सुमारे ५७० मीटर. म्हणजे प्रत्येक हंडा शंभर मीटर वर चढवून आणायचा! अनेक भागांत नळाला कित्येक दिवसांआड पाणी येत आलंय, त्यामागे वाढलेली वस्ती आणि जुन्या जलवाहिन्या आहेत, तशी ही चढणही आहे. म्हणून इथं प्लॉट घेताना 'बोअरला पाणी आहे' एवढ्यावर थांबू नका. मे महिन्यात आहे का आणि शेजारच्यांनी किती टँकर घेतले, ते विचारा.

घराखालची जमीन

आपल्या जुन्या लोकांच्या बोलण्यात 'काळी' आणि 'पांढरी' असे दोन शब्द असतात. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे गावठाणाची. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यावर उथळ पाया घातला तर भिंतीही तडकतात. आज आपण काळीचेच प्लॉट पाडतो आहोत. तिथं घर बांधायचं तर पाया मुरमापर्यंत किंवा खडकापर्यंत न्यावा लागतो, त्याचा खर्च आधीच धरा. आणि ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप विसरू नका. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वरचं जड माळवद, त्याखाली हजारो माणसं गेली.

जगातही हेच

भूमध्य समुद्राकाठी स्पेन, इटली, ग्रीस इथंही समुद्र आणि डोंगर असे शेजारीशेजारी आहेत. पण तिथं पाऊस हिवाळ्यात पडतो, उन्हाळा कोरडा. आपल्या कोकणात जुलैमध्ये पूर येतो, तेव्हा तिकडे पाणी आटलेलं असतं आणि जंगलात वणवे लागतात. महिना तोच, संकट उलटं. समुद्र दिसणारं घर तिथंही महाग, आणि पाण्याचा प्रश्न तिथंही विचारावाच लागतो.

वर्गात घ्यायचा उपक्रम

चौथी-पाचवीच्या मुलांना वहीत तीन रकाने आखायला सांगा : गाव, सगळ्यात अवघड महिना, तेव्हा लोक काय करतात. पहिलं गाव स्वतःचं, दुसरं आजोळ, तिसरं नातेवाइकाचं. माहिती आजी-आजोबांना विचारून आणायची. पैठण, सोयगाव, वैजापूर अशी वेगवेगळी गावं आली की एकाच जिल्ह्यातला फरक मुलांना आपोआप कळतो.

पालकांनो, घराचा विचार चालू असेल तर हा तक्ता मुलांबरोबर तुम्हीही भरा. बयाणा देण्याआधी तिथं एकदा जुलैत आणि एकदा मे मध्ये जाऊन या. एका वर्षानं घर उशिरा झालं तरी चालेल.