चित्र का फुटते, कसे सांधतात?

शिरूर घोडनदीच्या काठी, तर दौंड भीमेच्या. शिरूरला रेल्वे नाही. दौंड मात्र मोठे जंक्शन. समजा, शिरूरची एक विद्यार्थिनी घरी बसून मोबाइलवर बीजगणित शिकत आहे आणि तिच्या बाई पुण्याहून दौंडकडे निघालेल्या गाडीत आहेत. बाई वहीत गणित सोडवतात, कॅमेरा वहीवर रोखलेला आहे. एकाएकी चित्राचे चौकोनी तुकडे होतात. हात एकीकडे, पेन्सिल दुसरीकडे! हे चौकोन आले कोठून?

आधी थोडा हिशेब करू. चित्रात ६४० × ४८० ठिपके आहेत. प्रत्येक ठिपक्याचा रंग सांगायला शून्य किंवा एक असे २४ अंक लागतात. या अंकांना ‘बिट’ म्हणतात. सेकंदाला २५ चित्रे पाठवायची. गुणाकार करून पाहा : सेकंदाला १८ कोटी ४३ लाख २० हजार बिट! एवढा भार वाहून नेणे परवडत नाही, म्हणून चित्राचा संक्षेप करतात. पहिले चित्र पूर्ण पाठवायचे आणि पुढे फक्त काय बदलले तेवढेच कळवायचे. त्यासाठी चित्राचे, उदाहरणार्थ १६ × १६ ठिपक्यांचे, चौकोन पाडतात आणि ‘मागच्या चित्रातला अमुक तुकडा थोडा उजवीकडे सरकव’ अशा सूचना धाडतात. वारंवार लागणाऱ्या सूचनेला आखूड संकेत, क्वचित लागणारीला लांब. अशा युक्त्यांनी भार काही लाख बिटांवर येतो.

मेख इथेच आहे. ‘शिरूरहून दौ–ला जाणारी एसटी’ असे लिहिले तरी तुम्ही ते बरोबर वाचता, कारण भाषेत पुनरुक्ती भरपूर असते. संक्षेपात हीच पुनरुक्ती काढून टाकलेली असते. जुनी मोडी कागदपत्रे पाहिलीत तर त्यांत दोन शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते. आपल्या संकेतांचेही तसेच. अ = ०, ब = १०, क = ११ असे मानून १००११० वाचा : ब अ क अ. आता पहिला १ चुकून ० झाला, तर ०००११० म्हणजे अ अ अ क अ! एक बिट बिघडला आणि चार अक्षरांची पाच झाली. पुढच्या प्रत्येक सूचनेचा चौकोन चुकणार. शिवाय उद्याचे चित्र आजच्या चित्रावर रचलेले, त्यामुळे चूक पुढेही चालत राहते.

बरे, बिट बिघडतात तरी का? मनोऱ्याकडून येणाऱ्या लहरी थेट येतात, तशा इमारतींवर, टेकड्यांवर आपटूनही येतात. काही जागी त्या एकमेकींना बळ देतात, काही जागी एकमेकींना मारतात. ९०० मेगाहर्ट्‌झच्या लहरीची लांबी सुमारे ३३ सेंटिमीटर. अशा दुबळ्या जागा साधारण अर्ध्या लांबीवर, म्हणजे १७ सेंटिमीटरवर असू शकतात. ताशी ९० किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाला २५ मीटर जाते. म्हणजे सेकंदाला दीडशेच्या आसपास खड्डे! चुका एकेकट्या न येता झुंडीने येतात, आणि ज्या पुडक्यात चूक सापडते ते पुडके बहुधा टाकूनच दिले जाते.

मुद्रित पाठ असेल तर हरवलेले पुडके पुन्हा मागवता येते. तेवढा वेळ पडद्यावर चक्र फिरत राहते. समोरासमोरच्या संभाषणात थांबायला सवड नसते. म्हणून काढलेली पुनरुक्ती थोडी परत घालावी लागते, पण जाणूनबुजून आणि मोजून. ठरावीक अंतरावर खुणेचे संकेत पेरतात, म्हणजे वाट चुकलेला वाचक पुढच्या खुणेपासून पुन्हा सुरुवात करतो. प्रत्येक चित्रातले काही चौकोन मागच्यावर न विसंबता नव्याने पाठवतात. २००३ सालच्या एच. २६४ या मानकात तर बुद्धिबळाच्या पटासारखी काळी घरे एका पुडक्यात आणि पांढरी दुसऱ्यात घालण्याची सोय होती. एक पुडके हरवले, तरी प्रत्येक रिकाम्या घराला चारी बाजूंनी शेजारी उरतात. कल्पना मोठी देखणी, पण व्यवहारात ती फारशी रुळली नाही. शेजारच्या घरांवरून अंदाज बांधता न आल्याने संक्षेप कमी होतो.

शेवटचा उपाय ग्राहक फोनच्या हाती असतो : हरवलेल्या चौकोनात मागच्या चित्रातला तुकडा चिकटवायचा. डोळ्याला चित्र अखंड दिसते. पण त्याच क्षणी बाईंनी ३क्ष आणि ५ यांच्यामध्ये ऋण चिन्ह काढले असेल तर? विद्यार्थिनीला दिसेल स्वच्छ, कोरा कागद. फुटलेले चित्र निदान फुटल्याचे सांगते. हे सांधलेले चित्र तेही सांगत नाही. तो चौकोन नव्याने येईपर्यंत चिन्ह गायबच.

म्हणून काही पद्धतींत ग्राहक फोन उलट निरोप धाडतो : ‘४० वे चित्र मिळाले नाही.’ मग पाठवणारा फोन पुढचे चित्र ४० व्यावर न रचता, नीट पोचलेल्या ३९ व्यावर रचतो. निरोप जाऊन येईपर्यंत काही चित्रे बिघडतातच. पण त्यानंतर ते ऋण चिन्ह पडद्यावर उमटते.