हदासचा गंध
ज्यू लोकांच्या सुक्कोथ या सुगीच्या सणात चार वनस्पती एकत्र हाती धरतात : महाळुंग, खजुराचा न उमललेला कोंब, हदासच्या तीन डहाळ्या आणि वाळुंजाच्या दोन. हदास म्हणजे विलायती मेंदी. 'वायिक्रा रब्बा' या प्राचीन भाष्यात चव हे धर्मज्ञानाचे आणि गंध हे सत्कृत्याचे प्रतीक मानले आहे. महाळुंगात दोन्ही, खजुराला नुसती चव, हदासला नुसता गंध. म्हणजे विद्या नसलेला, पण सदाचारी माणूस. (राणी एस्तेरचे दुसरे नाव हदस्सा, तेही याच झुडपाचे.) पदवीवरून माणसाची किंमत करणाऱ्या आम्हा अध्यापकांना हे बोचावयास हवे. वाळुंज तर त्याहून अवघड : त्याला चवही नाही, गंधही नाही. तरी ते वगळल्यास विधी पुरा होत नाही. एकाची उणीव दुसऱ्याने भरून काढावी, म्हणूनच चारही एकत्र धरावयाच्या, असे हे भाष्य सांगते.