कोणासहि बिलगणारें मूल

घरांतील वाढदिवसाच्या निमित्तानें अनाथाश्रमांत पेढे वांटावयास गेलेल्या मंडळींना तेथील तीन-चार वर्षांचीं मुलें धांवत येऊन बिलगतात. धरलेला हात सोडीत नाहींत. पाहुणे गहिंवरतात, 'किती प्रेमळ मुलें!' असें म्हणत परततात. बालमानसशास्त्राच्या अभ्यासकांना मात्र हेंच लक्षण चिंतेचें वाटतें. घरीं वाढलेलें तीन वर्षांचें मूल परका मनुष्य दिसतांच आईच्या पदराआड लपतें, कारण आपलें कोण आणि परकें कोण हें त्याला उमगलेलें असतें. संस्थेंतील पुष्कळ मुलांना हा भेद शिकावयास मिळालेलाच नसतो.

याच्या मुळाशीं नेहमीं उपासमार किंवा मारहाणच असते, असें नाहीं. बार्बरा टिझार्ड या विदुषीनें १९७० च्या सुमारास लंडनमधील ज्या शिशुगृहांचा अभ्यास केला, तेथें अन्न, खेळणीं, पुस्तकें यांची वाण नव्हती. मुलांची बुद्धीहि इतर मुलांसारखीच होती. परंतु दोन वर्षांचें होईपर्यंत एकेका मुलाला सरासरी २४ निरनिराळ्या परिचारिकांनीं सांभाळलें होतें! शिवाय कोणा एका मुलावर विशेष माया जडूं देऊं नये, असा तेथील शिरस्ता होता. हेतु ताटातुटीचें दुःख टाळण्याचा. परिणाम असा कीं, दुःख व्हावें असें नातेंच निर्माण झालें नाहीं.

संस्थाचालक ज्याला वाईट वळण म्हणतात, त्याचाहि उगम बहुधा येथेंच सांपडतो. उशीखालीं पोळी लपवून ठेवणें, दुसऱ्याचें खेळणें मोडणें, रात्रीं अंथरुणांत बसून एकसारखें झुलत राहणें. लपविलेली पोळी ही चोरी नव्हे. उद्यांचा भरंवसा नसलेल्या जिवानें केलेली ती बेगमी असते. त्याबद्दल छडी मारली म्हणजे भरंवसा नसण्याचें आणखी एक कारण मिळतें, इतकेंच.

रुमानियांत १९८९ सालीं चौशेस्कूची राजवट कोसळली, तेव्हां तेथील अनाथालयांची अवस्था जगासमोर आली. कित्येक दालनांत तान्हीं मुलें रडतहि नव्हतीं. रडून कोणी येत नाहीं, हें तीं शिकलीं होतीं. पुढें २००० सालीं अमेरिकन संशोधकांनीं बुखारेस्ट येथें सुमारें अडीच वर्षांच्या आंतील १३६ मुलें निवडलीं आणि चिठ्ठ्या टाकाव्या त्याप्रमाणें त्यांपैकीं निम्मीं प्रतिपालक कुटुंबांत ठेविलीं. दोन वर्षांचीं होण्यापूर्वीं घर मिळालेल्या मुलांना माणसांचा लळा अधिक चांगला लागला. कुटुंबांत गेलेल्या मुलांची भीति आणि उदासीहि कमी झाली. चंचलता व अवधानाचा अभाव मात्र फारसा हटला नाहीं. उत्साही सुधारकांनीं हा निष्कर्ष नजरेआड करूं नये.

भारतांत २०१५ च्या बाल न्याय कायद्यानें प्रतिपालक कुटुंबाची तरतूद केली आहे. तरी संस्थांची गरज संपलेली नाहीं. महाराष्ट्रांत सहा वर्षें पुरीं झालेलें मूल शिशुगृहांतून बालगृहांत जातें, आणि ओळखीचीं सारीं माणसें एका दिवसांत मागें राहतात. असें होणार असेल तेव्हां शिशुगृहांतील मावशीनें मुलाबरोबर नव्या जागीं दोनचार वेळां तरी जावें. थोड्या मुलांमागें एकच मावशी असावी. न्हाऊं घालणें, जेवूं घालणें, निजविणें तिच्याच हातून व्हावें, आणि ती रजेवर जातांना केव्हां परतणार हें तिनें मुलाला सांगून जावें. तिची पाळी संपतांना एखादें मूल आक्रोश करूं लागलें, तर चालकांनीं तिला दुसऱ्या दालनांत धाडण्याची घाई करूं नये. उपचार लागूं पडत असल्याचें तें चिन्ह असतें.